तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं ऑनलाइन चर्चेत लिहितात तरी कशी?

ताई, तुमची मुलं ऑनलाइन चर्चेत एवढं लिहितात तरी कशी, आमची तर 'गुड पॉइंट' आणि 'आय अ‍ॅग्री'च्या पुढे जात नाहीत, हे मला कॉलेजात शिकवणारं कोणी ना कोणी सारखं विचारत असतं, परवा तर एका मुंजीत पानावर बसल्या बसल्या विचारलं, आणि मठ्ठा संपायच्या आत हे सांगून होत नाही म्हणून इथे लिहितेय.

मी इंदूरला बीएच्या दुसऱ्या वर्षाला इकॉनॉमिक्स शिकवते. वर्गात 70 मुलं, बोलणारी 5, तीही ठरलेली. मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवर, चर्चा सुरू केली तेव्हा वाटलं आता बाकीची 65 बोलतील. पहिला प्रश्न टाकला, 'सार्वजनिक वस्तू म्हणजे काय, उदाहरणासह लिहा'. सगळ्यांनी रस्त्यावरचा दिवा लिहिला, पुस्तकात तोच आहे ना. आणि मी काय करायचे तर कोणी लिहिलं की पाच मिनिटांत उत्तर, शाबास, करेक्ट, फक्त एवढं सुधार. स्वतःवरच खूश होते मी! शेवटी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आपने तो बोल दिया, अब हम क्या बोलें?"

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या आसपास वर्गातल्या टेप ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम 1 सेकंद थांबतात, आणि 3 सेकंद थांबले तरी उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मी तर ऑनलाइनसुद्धा एकच सेकंद थांबत होते. आता शुक्रवारी प्रश्न टाकते आणि सोमवार सकाळपर्यंत एक अक्षर लिहीत नाही. पहिले दोन शुक्रवार फार जड गेले, खरंच.

पण खरी मेख प्रश्नात आहे. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा, दिवसाला 550 टनांचा प्लांट आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. म्हणून विचारलं की तुमच्या घरी कचरा वेगळा होतो तो दंडाच्या भीतीने की सवयीने? शनिवारी रात्री साडेअकराला एका मुलीने लिहिलं, रोज देवासहून बसने येणारी, वर्षभर हजेरीशिवाय तोंड न उघडलेली: "ये तो पूछो कि अलग करता कौन है. मेरी मौसी यहाँ रहती हैं, सब वो करती हैं, और तारीफ शहर की होती है." झालं! रविवारी दुपारपर्यंत खाली 23 उत्तरं. कोणी म्हणे आमच्याकडे कामवाली बाई करते, कोणी म्हणे मग तिच्या कामाचा हिशोब कुठे लागतो, आणि हा तर माझा पुढच्या महिन्याचा धडा होता.

बाकीच्या युक्त्या किरकोळ आहेत. मूडलमध्ये प्रश्नोत्तरांचा एक प्रकार आहे, त्यात स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसतच नाही, म्हणजे कॉपी बंद. 70 जणांचा एकच घोळका ठेवू नका, दहा-बारांचे गट करा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच करू नका, 'मॅम कल क्लास है क्या'च्या खाली सगळं गाडलं जातं. मार्क किती पोस्ट टाकल्या यावर दिलेत की संपलं, मी मुलांना टर्मच्या शेवटी स्वतःच्या दोन निवडायला लावते आणि त्यातली एक तरी दुसऱ्याच्या वाक्याला धरून लिहिलेली हवी. आणि सोमवारी त्यातलं काही वर्गात वाचून दाखवायचंच, नाहीतर मुलांना कळतं की हे कोणी वाचत नाही.

लाजऱ्या मुलांचं मात्र वेगळं. पिआझा नावाची, वर्गातल्या शंका ऑनलाइन विचारायची साइट काढणाऱ्या पूजा शंकर कानपूर आयआयटीत शिकल्या, वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, वर्गातल्या मुलग्यांना शंका विचारायची त्यांना लाज वाटायची, त्यातून त्यांनी 2009 मध्ये ते सुरू केलं आणि तिथे वर्गातल्या मुलांपासून नाव लपवून विचारता येतं. आमच्याकडे ती सोय नाही म्हणून मुलं मला मेसेज करतात आणि मी नाव न सांगता टाकते. कोणाचं आहे ते मलाच ठाऊक असतं, त्यामुळे वात्रटपणा होत नाही.

एआयचं विचाराल तर येतातच तशी उत्तरं, गुळगुळीत, सगळ्या बाजूंनी बरोबर. म्हणून प्रश्न घरातला, गल्लीतला असावा लागतो, मौसीचा कचरा त्याला कुठून माहीत असणार.

या शुक्रवारी इथल्या सराफा बाजाराचा प्रश्न टाकलाय. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री त्यांच्यासमोर गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी, तर त्या जागेची किंमत ठरवायची कोणी? आत्तापर्यंत 4 उत्तरं आलीत, त्यातली 2 नुसती खाण्याबद्दल. सोमवारपर्यंत मी गप्प आहे.