पिंपाला कान लावून

"साठीला आलेला माणूस निवृत्तीचा हिशेब करतो. तुझ्या साहेबांनी कर्ज काढून द्राक्षबाग कशी काय घेतली?" तिकडून फोनवर हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय, की आज एकदा नीट उत्तर लिहूनच टाकते.

आधी जागेची थोडी ओळख. मी राहते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वरच्या टोकाला, मार्लबरो प्रांतात, ब्लेनहाइम गावाजवळ. वायराऊ नदीचं रुंद, सपाट खोरं. दक्षिणेला विदर हिल्सचे उन्हाने पिवळे पडलेले, चुरगळलेल्या चादरीसारखे डोंगर. मधे नजर जाईल तिथवर द्राक्षाच्या ओळी. हे सगळं किती जुनं असेल असं वाटतं, पण मोंटाना कंपनीने इथे मोठ्या प्रमाणावर वेली लावल्या त्या १९७३ मध्ये. त्याआधी या जमिनीवर मेंढ्या चरत होत्या. आज न्यूझीलंडच्या वाइनचा सर्वांत मोठा वाटा याच खोऱ्यातून जातो, आणि त्यातही मुख्यतः एकाच द्राक्षाचा: सॉव्हिन्यॉ ब्लांक.

मी वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, आम्लता, पीएच, सल्फर मोजणं हे माझं काम. हंगामात मात्र कोण कुठल्या हुद्द्यावर आहे हे कुणी बघत नाही, हातात पाण्याचा पाइप घ्यायचा आणि टाक्या धुवायच्या. इथे साहेबांना सगळे पहिल्या नावानेच हाक मारतात, मीसुद्धा. मराठीत लिहिताना मात्र माझ्याकडून अरे-तुरे होत नाही. त्यांचं नावही लिहीत नाही; स्वतःबद्दल लिहिलेलं त्यांना आवडत नाही.

ते मूळचे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे. रोझवर्दीच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि बरोसा खोऱ्यात नोकरीला लागले. त्यांच्या पिढीच्या हाती एक चांगली संधी आली. दक्षिण गोलार्धात द्राक्षतोडणी फेब्रुवारी ते एप्रिल, उत्तरेत ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. म्हणजे इकडचं काम आटोपून माणूस विमानात बसला, तर त्याच वर्षी तिकडे दुसरा हंगाम करू शकतो. टोनी लेथवेट या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियन वाइनमेकर्सना फ्रान्सच्या सहकारी वायनऱ्यांत नेलं, आणि अशा लोकांना 'फ्लाइंग वाइनमेकर' हे नाव पडलं. आमचे साहेब त्यातलेच एक. वाइनमेकरच्या वाट्याला उभ्या आयुष्यात चाळीसएक हंगाम येतात. यांनी पंधरा वर्षांत तीस केले.

दक्षिण फ्रान्समधल्या त्यांच्या पहिल्या हंगामाची गोष्ट मला फार आवडते. तिथे पांढरी वाइन लवकर तपकिरी पडायची, वासाला शिळी लागायची. कारण साधं होतं: गरमी आणि हवा. द्राक्षं उन्हात ट्रॉलीमध्ये ताटकळत, रस थंड करायची सोय नाही, सिमेंटच्या टाक्यांच्या कोपऱ्यांत गेल्या वर्षीचा गाळ. हे गेले, आणि पहिले तीन दिवस एका थेंबालाही हात न लावता फक्त ब्रश घेऊन टाक्या घासत बसले. तिथला म्हातारा सेलरप्रमुख हाताची घडी घालून बघत राहिला. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी तो स्वतःचा ब्रश घेऊन आला आणि शेजारच्या टाकीत उतरला. साहेब म्हणतात, त्या हंगामात मला यापेक्षा मोठी पावती मिळाली नाही. थंड रस, स्वच्छ टाकी, हवेपासून बचाव, एवढ्यावर ती वाइन पालटली.

मग हंगेरी, मग चिली. चिलीची गोष्ट मात्र ते हसत सांगत नाहीत.

तिथे ते मर्लो या द्राक्षाची लाल वाइन करायला गेले होते. त्या मर्लोत दरवर्षी कच्च्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास यायचा. बागेच्या माणसांशी भांडून झालं, पाणी कमी करून झालं, पानांची विरळणी करून झाली; वास काही जाईना. १९९४ मध्ये ज्याँ-मिशेल बूर्सिको हे फ्रेंच वेलतज्ज्ञ चिलीत आले, बागेत फिरले आणि म्हणाले, ही मर्लो नव्हेच, ही कारमेनेर. बोर्दोची ही जुनी जात. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपच्या बागा बसवल्या तेव्हा ती तिकडून जवळपास नाहीशी झाली होती. चिलीत त्याआधीच तिची रोपं पोचलेली, आणि ती किड चिलीत कधी आलीच नाही; म्हणून ही जात मर्लोत मिसळून, मर्लोच्याच नावाने शंभरेक वर्षं तिथे नांदत होती. ती मर्लोपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकते. मर्लो समजून तोडली, तर हिरवी लागणारच.

"ओळखता आली असती," साहेब एकदा मला म्हणाले. "पानगळीच्या वेळी कारमेनेरची पानं लालभडक होतात. मी ती कधी पाहिलीच नाहीत. एप्रिल संपला की मी विमानात."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे.

फिरत्या वाइनमेकरला वेलीचे वर्षातले सहा-आठ आठवडेच दिसतात. तो येतो तेव्हा घड तयार असतात, जातो तेव्हा रसाची वाइन झालेली असते. छाटणी, डोळे फुटणं, फुलोरा, मणी धरणं, वसंतातल्या थंडीच्या रात्री, पिंपात वाइनचं शांतपणे मुरणं, यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही.

मुलं शाळेच्या वयाची झाली तेव्हा ते मार्लबरोत स्थिरावले, एका मोठ्या वायनरीत. पुढे तिचे प्रमुख वाइनमेकर झाले. मी २०१६ मध्ये तिथेच रुजू झाले. त्या कामाला मी कमी लेखणार नाही. साठ-सत्तर बागांचा माल आणि कित्येक लाख लिटर रस. दर वर्षी हवामान वेगळं, तरी बाटली उघडली की गिऱ्हाइकाला ओळखीचीच चव मिळाली पाहिजे. रात्री दोन वाजता यंत्राने तोडलेली द्राक्षं यायची, कारण रात्री ती थंड असतात. शिवाय यंत्राने तोडलेल्या सॉव्हिन्यॉमध्ये पॅशनफ्रूटचा वास देणारे थायोल जास्त उतरतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. एकेका टाकीची चव घेऊन कुठली कशात मिसळायची हे साहेब ठरवायचे, आणि त्यांच्या जिभेवर सगळ्यांचा डोळे मिटून विश्वास होता.

१४ नोव्हेंबर २०१६ ला मध्यरात्री कायकोरा भूकंप झाला. तीव्रता ७.८. घरातून सावरून आम्ही काही जण वायनरीत पोचलो. उंच स्टीलच्या टाक्यांचे पाय वाकले होते, एकीला तळाशी चीर गेली होती आणि टॉर्चच्या उजेडात वाइन फरशीवरून गटाराकडे वाहत होती. साहेब तिच्यात बूट बुडवून उभे होते. त्यांनी ओंजळभर घेतली, हुंगली आणि विचारलं, "ही कुठल्या बागेची?" कुणालाच सांगता येईना. ती अकरा बागांची होती. त्यांनाही सांगता आलं नाही. तो चेहरा मला अजून आठवतो.

२०१८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

या वाटेने जाणारे ते पहिले नव्हेत. केव्हिन जड यांनी क्लाउडी बे या नामांकित वायनरीत पंचवीस हंगाम केले आणि २००९ मध्ये ग्रेवॅकी हे स्वतःचं लेबल काढलं. सुरुवातीला स्वतःची वायनरीसुद्धा बांधली नाही. पूर्वीच्या सहकाऱ्यांच्या डॉग पॉइंट वायनरीत वाइन केली. ब्रायन बिकनेल हेही चिलीत काम करून इथे आले आणि २००१ मध्ये त्यांनी 'माही' सुरू केली. माओरी भाषेत माही म्हणजे काम. एकेका बागेची वाइन वेगळी ठेवायची हा त्यांचा आग्रह. साहेबांनी या दोघांची नावं माझ्यासमोर पुष्कळदा घेतली आहेत.

साहेबांची बाग दक्षिणेकडच्या खोऱ्यांत, चिकणमातीच्या उतारावर. चार हेक्टर, अर्धी लाल वाइनची पिनो न्वार, अर्धी सॉव्हिन्यॉ. कामाला ते, त्यांची पत्नी आणि मोठ्या वायनरीतून त्यांच्याकडे आलेली मी. छाटणीला व्हानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाहून हंगामी परवान्यावर येणारी माणसं असतात. त्यांच्या कात्रीचा वेग पाहून मी थक्क होते. कुठली काडी ठेवायची आणि कुठली काढायची, हे वेलीसमोर पोचायच्या आत त्यांचं ठरलेलं असतं.

आता पैशाचं बोलते, कारण प्रश्न कर्जाचा होता. एक टन द्राक्षातून साधारण सातशे लिटर वाइन निघते, म्हणजे नऊशेच्या आसपास बाटल्या. ऐकायला बरं वाटतं. पण पिंपात मुरवायची वाइन एप्रिलमध्ये केली, तर ती विकायला येते दीड-दोन वर्षांनी. दरम्यान पुढचा हंगाम उभा राहतो, त्याचा खर्च आहेच. २२५ लिटरचं नवं फ्रेंच ओकचं पिंप दीड हजार डॉलरच्या पुढे जातं. साहेबांनी म्हणून जुनी, दोन-तीनदा वापरलेली पिंपं घेतली, आणि खरं तर त्यांना लाकडाची चव नकोच होती. २००३ च्या वाइन कायद्याप्रमाणे वायनरी लहान असो की मोठी, तिची मानक-योजना नोंदवावी लागते आणि तपासनीस येऊन ती पडताळतात. त्या कागदांचं काम माझ्याकडे. बाटली परवानाधारक जागेतून बाहेर पडली की अबकारी कर लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. लेबलवर बागेचा प्रदेश, जात आणि वर्ष लिहायचं तर किमान ८५ टक्के माल त्याचाच हवा. साहेबांचा शंभर टक्के असतो, त्यामुळे ती काळजी नाही. पहिल्या वर्षी स्वतःचं छत नव्हतं. ओळखीच्या एका वायनरीत कोपरा भाड्याने घेतला, पाण्यासाठी आणि फोर्कलिफ्टसाठी रांगेत आपण शेवटचे.

ज्या माणसाच्या हुकमावर शंभर टाक्या चालत, तो पहाटे पाच वाजता फोर्कलिफ्टची वाट पाहत उभा राहायचा. मला वाईट वाटायचं. त्यांना वाटत नसावं. ते थर्मासमधली कॉफी मला ओतून द्यायचे आणि पिंपांवर खडूने तारखा लिहीत बसायचे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही सॉव्हिन्यॉ हाताने तोडली, पूर्ण घडासकट दाबली आणि रस सात जुन्या पिंपांत भरला. पाकिटातलं यीस्ट घातलं नाही. बागेतून, हवेतून, पिंपातून जे येईल त्यावर आंबू द्यायचं. सहा पिंपं हळूहळू चालली. सातवं जून लागता लागता थांबलं. मी मोजलं: लिटरला नऊ ग्रॅम साखर शिल्लक. दुसऱ्या आठवड्यात नऊ, तिसऱ्यात नऊ.

मोठ्या वायनरीत याचं उत्तर ठरलेलं होतं. ऊब द्यायची, तगडं यीस्ट घालायचं, आठ दिवसांत मामला खलास. मी यीस्टचं पाकीट काढूनही ठेवलं. सल्फर घालून वाइनला संरक्षण द्यावं तर उरलंसुरलं यीस्ट मरणार. न घालावं तर व्हिनेगरकडे झुकण्याचा धोका. साहेबांनी पिंपाचं बूच काढलं, वास घेतला, चव घेतली, पुन्हा बूच लावलं. "थंडी पडली आहे. झोपलंय ते," म्हणाले. "तू दर सोमवारी व्होलाटाइल मोजत जा. वाढली तर बघू." व्होलाटाइल म्हणजे व्हिनेगरसारखी, उडून जाणारी आम्लता.

मी दर सोमवारी मोजत गेले. पिंप काठोकाठ भरलेलं ठेवायचं, म्हणजे हवेला जागा उरत नाही. जुलै गेला. ऑगस्ट गेला. बाहेर छाटणी उरकली, काड्या तारांना बांधून झाल्या, वेली नुसत्या काळ्या काटक्यांसारख्या उभ्या. बँकेचा हप्ता दर महिन्याला जात होता. ३०० बाटल्यांचं ते पिंप माझ्या झोपेत यायचं. साहेब मात्र रोज बागेत जायचे आणि डोळे फुगलेत का ते बोटांनी चाचपून बघायचे. इतकी वर्षं द्राक्षात घालवलेला माणूस, आणि सप्टेंबरच्या अखेरीस पहिला लोकरीसारखा गुलाबी फुटवा दिसला तेव्हा मला हाक मारून दाखवायला घेऊन गेले.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. दुपारी ऊन चढलं होतं, शेडचा दरवाजा उघडा होता. मी नळी घेऊन सातव्या पिंपाशी गेले, बूच जरासं सैल केलं, आणि त्यानेच हलकेच 'टप्' केलं. आधी वाटलं भास झाला. वाकून बुचाच्या भोकाला कान लावला. आत बारीक चरचर चालली होती, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तशी.

मी धावत बागेत गेले. साहेब आले, गुडघ्यावर बसले, कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मी साखर मोजली: सात. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि पिंपावरच्या एप्रिलच्या तारखेखाली आणखी एक तारीख लिहिली.