शनिवार-रविवारची कोरी पानं

मी डायटिशियन आहे, बारा वर्षं झाली, आणि "मी हजार कॅलरीच खाते तरी वजन हलत नाही" हे आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. आधी मला सरळ वाटायचं की थापा मारतायत. त्या दिवशीच्या एका पेशंटनंतर तसं वाटणं बंद झालं.

वय ३८, उंची १६० सेंमी, वजन ७८ किलो, थायरॉइड नॉर्मल असल्याचा रिपोर्ट आधीच हातात. चार महिने रोज १००० चं टार्गेट आणि काटा जागचा हलायला तयार नाही. शरीराला दिवसाला किती कॅलरी लागतात ते काढायच्या मिफ्लिनच्या फॉर्म्युल्यात आकडे टाकले (१९९० चा आहे पण अजून तोच बरा पडतो), तर दिवसभर नुसतं पडून राहिल्या तरी १४३० च्या आसपास लागतात आणि ऑफिस, घरकाम धरून १९५०. म्हणजे १००० खरं असेल तर चार महिन्यांत आठदहा किलो तरी जायला हवे होते, आणि ते गेले नव्हते.

मी काट्यावर वाटी ठेवली, हातात तेलाची बाटली दिली आणि म्हटलं घरी ओतता तसं ओता. डायरीत रोज "तेल १ छोटा चमचा, ४५" असं लिहिलेलं. त्यांनी चमचा न घेताच बाटली तिरकी केली, सवयीने, माझ्याकडे बघत बोलत बोलत, आणि काटा २२ ग्रॅमवर थांबला. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे झाले २०० च्या जवळ. त्या वाटीकडे बघतच बसल्या.

पण हे धरूनही रोजचे ११५०च होत होते, गणित काही जुळेना, म्हणून मी डायरी परत चाळायला घेतली आणि तेव्हा कुठे लक्षात आलं (आधीच यायला हवं होतं, माझीच चूक) की सोमवार ते शुक्रवार बारीक अक्षरात पानं गच्च भरलेली आणि शनिवार-रविवार कोरं. दर आठवड्याला. विचारलं तर बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते दोन दिवस मी मोजतच नाही. तेव्हा मी मी नसतेच."

बसून आठवून आठवून लिहिलं. दिवसाला ३८०० निघाले, दोन्ही दिवस. आठवड्याची सरासरी १९०० च्या वर, म्हणजे शरीराला लागतात जवळपास तेवढेच.

त्या रडल्या, मला वाटतं लाजेने जास्त. मी त्यांना अमेरिकेतला मिनेसोटाचा उपासमारीचा प्रयोग सांगितला, १९४४-४५ चा. ३६ धडधाकट तरुण, २४ आठवडे साधारण १५७० कॅलरीवर ठेवलेले, आणि त्या पोरांना दिवसरात्र खाण्याशिवाय काही सुचेना, बसून रेसिपी वाचायचे. ते पुरुष होते, चालायलाही भरपूर लावायचे, मान्य, पण तुम्ही १००० वर पाच दिवस काढता आणि मग शनिवारी स्वतःला हावरट म्हणता होय? शनिवार हा सोमवार-मंगळवारनेच तयार केलेला असतो हो.

१६०० ठरवले. सातही दिवस, शनिवारचा केक धरून. "सहाशे वाढवायच्या?" हे त्यांनी तीनदा विचारलं. दिवसाला साडेतीनशेची तूट, म्हणजे आठवड्याला ३०० ग्रॅमच्या आसपास, हे ऐकून तर चेहराच पडला, कारण कुठेतरी महिन्यात आठ किलो असं वाचून आल्या होत्या. पहिल्याच सोमवारी फोन, ४०० ग्रॅम वाढलं म्हणून, आवाज चांगलाच चढलेला. पाळी जवळ आली होती, पाणी धरतं शरीर. थांबा म्हटलं.

नवव्या आठवड्यात ७५.६. डायरी आणली होती, शनिवारचं पानही भरलेलं, एका ठिकाणी खाडाखोड करून केकचा दुसरा तुकडा लिहिलेला. आणि तेलाच्या बाटलीला आता रबरबँडने चमचा बांधून ठेवलाय म्हणाल्या, नवरा हसतो म्हणे.