तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मुलगी वेल्डिंग शिकते

कधी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात देताना, कधी पार्किंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. सिएटलच्या आसपासच्या मराठी मंडळींनी मला हा प्रश्न इतक्यांदा विचारलाय की आता सुरुवात ऐकूनच कळतं. "अगं, लेक अकरावीतच कम्युनिटी कॉलेजला जाते म्हणे? आणि तेही वेल्डिंगला?" पुढचा प्रश्न तोंडाने कोणी विचारत नाही, भुवया विचारतात. अभ्यासात मागे पडली का?

नाही हो. गणित तिचं चांगलं आहे.

आमच्या वॉशिंग्टन राज्यात 1990 सालापासून 'रनिंग स्टार्ट' नावाची योजना आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी सरकारी कम्युनिटी किंवा टेक्निकल कॉलेजात जाऊन शिकायचं, ट्यूशन फी नाही. राज्यात अशी 34 कॉलेजं आहेत. एकच विषय दोन्हीकडे धरला जातो: कॉलेजचे 5 क्रेडिट म्हणजे हायस्कूलचं 1. शाळेला त्या मुलामागे मिळणाऱ्या सरकारी पैशातला बराचसा वाटा कॉलेजकडे वळतो. आपल्याकडची बहुतेक मुलं यात इंग्रजी, गणित, इकॉनॉमिक्स उरकून घेतात आणि पुढे युनिव्हर्सिटीची फी वाचवतात. त्यांच्या आयांचं कौतुक होतं, "हुशार गं बाई तू!" योजना तीच, पार्किंगचा पास तोच. माझी मुलगी फक्त पलीकडच्या, पत्र्याच्या छपराच्या इमारतीत शिरते.

दुसऱ्या राज्यातल्यांनी हे नियम धरून चालू नये, तुमच्याकडे नाव वेगळं आणि अटीही वेगळ्या असतील. आणि 'फुकट' या शब्दावरही फार भाळू नका. पुस्तकं, किरकोळ फिया, जाण्यायेण्याचा खर्च आपलाच (उत्पन्न कमी असेल तर सवलत मिळते). वर हेल्मेट, चामड्याचं जाकीट, हातमोजे, बूट. सिंथेटिक कपडे चालत नाहीत, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतात, म्हणून जाडे सुती शर्ट. आमच्या गाडीला आता कायम जळक्या लोखंडाचा वास येतो.

त्याहून महाग पडू शकतात ते मार्क. सोळाव्या वर्षी मिळालेली कॉलेजची ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमची राहते. आणि आईला तिथे कोणी विचारत नाही! पहिल्या क्वार्टरला, म्हणजे तिमाही सत्राला, मी भाबडेपणाने ऑफिसात फोन केला, "जरा तिची हजेरी सांगता का?" पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, तिलाच विचारा. इथल्या कायद्याने कॉलेजात पाऊल ठेवलं की शिक्षणाच्या रेकॉर्डवरचा हक्क मुलाचा होतो, वय काहीही असो. मला तो फोन बरेच दिवस लागला होता. शाळेतल्या मैत्रिणींबरोबरचा डबा सुटला, ते तिला लागलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण का, हे राहिलंच.

माझे वडील, आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वेल्डर होते. आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड करून लागले. गळीत हंगाम संपला की त्यांचं काम वाढायचं, कारण बॉयलर बंद असतानाच नळ्या दुरुस्त करता येतात. कधी डोळ्याला आर्क लागायचा, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर उजेडाने डोळे भाजायचे, मग रात्रभर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचे. त्यांच्या शर्टावर बारीक बारीक भोकं असायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते तसेच यायचे आणि मी 'दिसलेच नाहीत' असं करायचे. मी इंजिनिअर झाले ती त्या शर्टापासून लांब जायला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मुलीने हा विषय निवडला तेव्हा तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला शिल्पं करायची होती, लोखंडाची. नंतर कळलं की इथे इमारतींच्या पोलादी कामाला 'वाबो'चं (राज्यातल्या इमारत-तपासनीसांच्या संघटनेचं) सर्टिफिकेट लागतं आणि त्याची तयारी कॉलेजच्या याच वर्कशॉपमध्ये होते. शिल्पं जरा मागे पडली.

सर्टिफिकेटसाठी दोन प्लेटा जोडायच्या, त्यातून पट्ट्या कापायच्या आणि यंत्रात घालून इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवायच्या. जोड कच्चा असेल तर तिथे तोंड उघडतं. सरावात तिची पहिली पट्टी उघडली. रडकुंडीला येऊन तिने आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिचं मराठी मोडकं, आबांना इंग्रजी येत नाही.

"रॉड कुठला?"

"सेव्हन्टी एटीन."

"म्हणजे 7018. आमच्याकडे साध्या कामाला 6013 चालायचा. ह्याचे लाड जास्त. भट्टीत ठेवला होतास?"

नव्हता. डब्यातून काढल्यापासून उघड्यावर, टेबलावर पडला होता. रॉडच्या लेपात दमट हवा शिरते, आर्कच्या उष्णतेत त्या पाण्यातला हायड्रोजन सुटून जोडात जातो आणि मग तडे जातात. म्हणून हे रॉड गरम ओव्हनमध्येच ठेवतात. शिक्षकांनी सांगितलं असणारच. पण आठवी शिकून आयटीआयला गेलेल्या माणसाने फोनवर हायड्रोजन समजावला आणि मी, एम.एस. झालेली, शेजारी उभी राहून ऐकत होते.

पुढची पट्टी टिकली. गेल्या डिसेंबरात मी ती सामानातून गावी नेली. आबांनी चष्मा पुसला, पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि वाकाच्या बाहेरच्या बाजूवरून सावकाश नख फिरवलं. एका ठिकाणी थांबले.

"पास आहे. पण इथं घाई केलीय पोरीनं," म्हणाले, आणि पट्टी परत न देता उशीखाली सरकवली.