छोटी गाडी, पण कुणासाठी?

आज आईला घेऊन गाड्या बघून आलो. किंमत, ॲव्हरेज सगळं घरबसल्या वाचता येतं. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता-उतरता कसं येतं, हे प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही. अल्टोत बसताना आईने दाराची कड धरली, मान वाकवली, मग एकेक पाय आत घेतला. वॅगनआरमध्ये मात्र खुर्चीवर टेकावं तशी सरळ बसली. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

सीएनजीचा मोह होता. पण वॅगनआरची ३४१ लिटरची डिकी टाकीनेच भरते, आणि आम्ही साताऱ्याहून परततो ते तांदळाचं पोतं घेऊनच. (टाटाने २०२३ मध्ये टियागोत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवून यावर छान तोड काढलीय. तरी आईला उंच सीटच हवी.) म्हणून पेट्रोलच घेतोय.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे बजेटमध्ये ऑटोमॅटिकही बसतेय. क्लच दाबायचा नाही, म्हणजे शहरातल्या ट्रॅफिकमध्ये बायकोच्या डाव्या पायाला केवढा आराम मिळेल!

खंबाटकी घाटात एजीएस (मारुतीचा ऑटोमॅटिक गिअर) चालवलेल्यांनी अनुभव नक्की सांगा. उद्या बुकिंग करतोय.