एकाच खुणेवर तीन जोड्या

घरातल्या श्रवणकक्षांचे मोजमाप करणे आणि तिथे स्पीकर बसवून देणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात ऐकणे थोडे आणि सरकवणे फार असते. वजनदार खोके दोन बोटे मागे घ्यायचे, किंचित आत वळवायचे, पुन्हा मायक्रोफोन लावायचा आणि पुन्हा आलेख पाहायचा, यातच दिवस जातो. स्पीकर निवडून देणे खरे तर माझ्या कामात बसत नाही. तरीही एका गृहस्थांनी आग्रह केला आणि मी तो मानला. त्या दिवसाचा हिशेब माझ्या मनात अजून जुळलेला नाही.

त्यांच्याकडे वीस वर्षांची जुनी जोडी होती. बंद पेटीचे, साडेसहा इंची वूफरचे (खालचे स्वर देणाऱ्या शंकूचे) ते छोटे स्पीकर स्टँडवर ठेवलेले असत. त्यांच्या जागी घेण्यासाठी विक्रेत्याकडून दोन जोड्या काही दिवसांपुरत्या घरी आल्या होत्या. एक मोठी स्टँडवरची होती. दुसरी जमिनीवर उभी राहणारी, छातीपर्यंत उंच, प्रत्येक खोक्यात दोन आठ इंची वूफर आणि मागे पोर्ट (खालचे स्वर वाढवणारे छिद्र) असलेली होती. गृहस्थांचे मन या दुसरीवर बसले आहे, हे मला दारातच कळले, कारण बोलताना त्यांचा हात सारखा तिच्या लाकडावरून फिरत होता.

नुसते ऐकून ठरवू नका, पडद्याआड ऐका, असे मीच सुचवले. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली 40 श्रोत्यांवर केलेला प्रयोग आमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. स्पीकर डोळ्यांसमोर असताना श्रोत्यांनी दिलेले गुण पडद्याआड बदलले होते, आणि समोर असताना छोट्या, स्वस्त संचाला मिळालेली कमी पसंती पडद्यामागे टिकली नव्हती. विक्रीच्या दालनात मात्र हा प्रयोग कुणालाच नको असतो. तिथे जी जोडी खपवायची ती किंचित मोठ्याने वाजवतात आणि गिऱ्हाइकाला ती ‘अधिक जिवंत’ वाटते.

म्हणून पातळी जुळवण्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला. जुन्या जोडीची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला किती मोठा आवाज येतो ते, 84 डेसिबल आणि उंच जोडीची 90 असे माहितीपत्रकात छापले होते. हे आकडे 2.83 व्होल्टला मोजलेले असतात. आठ ओहमच्या स्पीकरला त्यातून एक वॉट मिळतो आणि चार ओहमच्याला दोन, त्यामुळे चार ओहमचा स्पीकर कागदावर फुकटात तीन डेसिबल कमावतो. उंच जोडी चार ओहमचीच होती. ही चलाखी उघड असूनही वर्षानुवर्षे चालते. मी कागद बाजूला ठेवला, 500 ते 2000 हर्ट्झपुरता पिंक नॉइज (मोजणीसाठीचा एकसारखा खरखराट) वाजवला आणि खुर्चीत कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवून तिन्ही जोड्या पाव डेसिबलच्या आत आणल्या. पट्टा मुद्दाम मधला घेतला, कारण खालचे स्वर मोजमापात शिरले की खोलीच बोलू लागते.

जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या. ज्या खुणेवर जुनी जोडी वाजेल त्याच खुणेवर इतर दोन्ही वाजतील, हा नियम मी कडक ठेवला. हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत स्पीकर आपोआप एकाच जागी आणणारी यंत्रणा आहे. माझ्याकडे गृहस्थांचा मुलगा, मुलगी आणि गालिच्याचा उलटा घातलेला तुकडा होता. समोर ध्वनी सहज आरपार जाईल असे पातळ कापड टांगले. क्रम मुलीने चिठ्ठ्या टाकून ठरवला. प्रत्येक जोडीसाठी व्हॉल्यूमचा आकडा मी लिहून दिला होता, तो तीच लावत होती. अदलाबदल चालू असताना गृहस्थ आणि मी शेजारच्या खोलीत बसत होतो. पियानो, स्त्रीस्वर आणि डबल बास यांचे तेच तुकडे, पाच फेऱ्या, पंधरा पाळ्या. दोन पाळ्यांमधल्या काही मिनिटांत कानाची आठवण फिकी पडते, हा दोष मला मान्य होता.

संध्याकाळी मुलीने चिठ्ठ्या उघडल्या. पाचपैकी चार फेऱ्यांत गृहस्थांनी सर्वाधिक गुण आपल्याच जुन्या जोडीला दिले होते. उंच जोडी पाचही वेळा शेवटी होती आणि तिच्यापुढे त्यांच्या अक्षरात ‘घुमते’ असे लिहिले होते. ते आधी हसले, मग कापड बाजूला सारून बराच वेळ तिन्ही जोड्यांकडे पाहत राहिले.

“म्हणजे इतकी वर्षे मी उगाचच दुसरे शोधत होतो?” त्यांनी विचारले. मी हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही जोड्या परत गेल्या.

त्या रात्री आलेख नीट पाहिला. खोलीची लांबी 4.2 मीटर होती. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 344 मीटर धरला, तर लांबीचा पहिला अनुनाद (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमू लागते तो) 41 हर्ट्झवर आणि दुसरा 82 वर येतो. डबल बासच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर 41 हर्ट्झचाच आहे आणि त्याचे वरचे सप्तक 82 चे. जुने छोटे स्पीकर 41 पर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे खोलीचा हा दोष त्यांनी कधी उघडा पाडला नव्हता. उंच जोडी तिथवर सहज जात होती. ती समोरच्या भिंतीपासून 60 सेंटीमीटरवर आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून 40 सेंटीमीटरवर असल्यामुळे तो अनुनाद एका टोकाला जोरात चेतवला जात होता आणि दुसऱ्या टोकाला तितक्याच जोरात ऐकू येत होता. त्या खुणा जुन्या जोडीसाठी गृहस्थांनी वर्षानुवर्षे खटपट करून ठरवलेल्या जागेच्या होत्या. मी तिघींना सारखी जागा दिली, आणि ती जागा एकीचीच होती.

स्पीकर समोरच्या भिंतीपासून 1.1 मीटरवर आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून 1.2 मीटरवर घेतली असती, तर 41 हर्ट्झचा फुगवटा सुमारे सहा डेसिबलने उतरला असता. पोर्टमध्ये फोम घातला असता तर आणखी थोडा. पण मग स्पीकर आणि श्रोता यांच्यात दोन मीटरही उरले नसते आणि इतक्या उंच स्पीकरचे वूफर व ट्विटर (वरचे स्वर देणारा भाग) तेवढ्या जवळून एकजीव ऐकू येत नाहीत. म्हणजे त्या खोलीत तिला न्याय मिळेल अशी जागा कदाचित नव्हतीच. पण हे मी मोजून सांगायला हवे होते आणि मी ते मोजले नाही. खरे सांगायचे तर दुसऱ्या फेरीतच घुमणे ऐकून उंच जोडी कोणती ते मी ओळखले होते. तरीही गप्प राहिलो, कारण चाचणी चालू असताना बोलायचे नाही हा नियम माझाच होता.

चार दिवसांनी फोन करून मी हे सारे त्यांना सांगितले आणि पुन्हा चाचणी घेऊ म्हटले. ते शांतपणे म्हणाले, “आता नको. चार वेळा मीच तिला निवडले, तेवढे मला पुरे आहे.” त्यांच्या आवाजात समाधान होते की कंटाळा, हे फोनवर मला ओळखता आले नाही.

गुणांचा तो कागद अजून माझ्या पिशवीत आहे. त्यात ‘जागा’ असा एक रकाना आहे आणि पंधराही ओळींत त्याखाली एकच खूण केलेली आहे. त्या दिवशी मला सर्वाधिक अभिमान त्या रकान्याचा वाटत होता.