मांद्रे ते शापोरा: घरी बनवलेल्या टो बोर्डबरोबर पाच सकाळी

हिवाळ्यात उत्तर गोव्यात लाट येते ती गुडघाभर, फार तर कमरेएवढी. साध्या सर्फबोर्डवर ती पकडायची म्हणजे खांदे भरून येईपर्यंत हात मारायचे आणि तरी ती पोटाखालून निघून जाते. फॉइलवर, म्हणजे खाली खांब आणि त्याला आडवा पंख बसवलेल्या फळीवर, मात्र हीच लाट सोन्यासारखी आहे. पाण्याखालच्या पंखाला वेग मिळाला की फळी पाण्याच्या वर उचलली जाते, आणि मग न फुटलेल्या, नुसत्या फुगून आलेल्या पाण्यावरसुद्धा लांबवर जाता येतं. प्रश्न उरतो सुरुवातीच्या वेगाचा. त्यासाठी मी आणि माझ्या मामेभावाने टो बोर्ड, म्हणजे ओढून नेणारी फळी, बनवला. मोटर लावलेली साडेचार फुटी फळी पुढे, मागे नऊ मीटर दोर, दोराच्या टोकाला फॉइलवर आपण आणि हातात रिमोट.

बांधणीचं थोडक्यात सांगतो. आत थर्माकोलचा ठोकळा, वर फायबर ग्लासचे दोन थर. रेझिन इपॉक्सीच घ्या. स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर रेझिन लावलंत तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. मोटर ६५१६१ आकाराची, म्हणजे ६५ मिमी व्यास आणि १६१ मिमी लांबी, १२० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टमागे मिनिटाला १२० फेरे). तिचा खांब आणि पंख्याभोवतीचं कडं कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये लेथवर करून घेतलं. कडं टाळू नका, पाण्यात पडल्यावर आपले पाय त्या पंख्यापासून फार लांब नसतात. बॅटरी २१७०० आकाराच्या लिथियम सेलची, १२ सिरीज, ६ पॅरलल. ७२ सेल, ४३.२ व्होल्ट, सुमारे १.१ किलोवॅट-अवर. निम्म्याहून जास्त खर्च एकट्या बॅटरीचा झाला आणि तिथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

एवढी बॅटरी विमानात चालत नाही, प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेताच येत नाही. म्हणून गाडीने गेलो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी आणि पेडण्यातून मांद्र्याला मामाच्या घरी. बॅटरी डिकीत ठेवण्याआधी निम्म्यापर्यंत उतरवलेली होती आणि तारांची टोकं वेगवेगळी टेप लावून झाकलेली होती.

जाण्याचे दिवस आम्ही पंचांग बघून ठरवले होते. जानेवारीतली अष्टमी मधोमध येईल असे पाच दिवस. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी आणि ओढही कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघावी, पण बेत ठरवायला हा हिशोब पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवा बोर्ड घेऊन नदीत उतरू नका.

आणि हो, आधी नदीतच उतरा. पहिल्या दोन सकाळी आम्ही शापोरा नदीत, शिवोलीच्या पुलाच्या वरच्या अंगाला चोपड्याच्या बाजूने काढल्या. आमच्या फॉइलचा खांब ७५ सेंटीमीटरचा आहे, म्हणून कमरेच्या वर पाणी हवंच. भरतीला तेवढं मिळतं, ओहोटीला मधेच वाळूचा पट्टा वर येतो. काठावर जाळं नीट करत बसलेल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सुकती लागली की मुखाकडे जाऊ नका, पाणी बाहेर ओढतं." इथे ओहोटीला सुकती म्हणतात. मोटर बंद पडली तर तीच ओढ आपल्याला बोर्डासकट समुद्रात नेणार, हे लक्षात घेऊन आम्ही दोन्ही दिवस नऊच्या आत काठावर आलो.

दोर कुठे बांधायचा हे नदीतच कळलं. आधी बोर्डाच्या शेपटीला बांधला होता. बोर्ड बाणासारखा सरळ पळायचा, वळायचं नाव नाही. भाऊ म्हणाला, "दादा, टग बघितलायस ना मुरगावला? त्यांचा हूक पार मागे नसतो, मधोमध असतो." दोर मोटरच्या खांबाच्या वर आणला आणि आपण बाजूला झुकलो की बोर्ड वळायला लागला. दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, तो तरंगतो. बुडणारा दोर थेट पंख्यात जातो.

दुसऱ्या दिवशी पेटीत पाणी शिरलं. बॅटरीची पेटी घरी बादलीत रात्रभर बुडवून तपासली होती, थेंब नव्हता. मग इथे काय झालं? आम्ही ती उन्हात उभ्या गाडीजवळ बंद केली होती. आतली हवा तापलेली, आणि पेटी लगेच नदीच्या गार पाण्यात. हवा आकसली, आत दाब कमी झाला आणि जिथून मोटरची जाड तार आत जाते तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे तारेभोवतीच्या घट्ट बुचातून, पेटीने पाणी शोषून घेतलं. चमचाभरच होतं, पण खारं. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या कडेला हिरवट डाग दिसला तेव्हा पोटात गोळा आला. सगळं उघडलं, गोड्या पाण्याने पुसलं, मामीच्या पडवीत पंख्याखाली दिवसभर वाळवलं. तिसरी सकाळ त्यात गेली.

तेव्हापासून पेटी सावलीत, गार झाल्यावरच बंद करतो. वर सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलाय. पंपाने अगदी हलका दाब द्यायचा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. बादलीपेक्षा ही परीक्षा कितीतरी कडक आहे.

चौथ्या दिवशी समुद्र. मांद्रे आणि आश्वे यांच्या मधला सुरूच्या झाडांपुढचा किनारा, सकाळी सात. मतलई वारा मागून हलकेच येत होता, पाणी काचेसारखं. साडेदहा-अकराला खारा वारा सुरू झाला की पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यामुळे खरे तास तीनच. उठताना मोटर साठेक अँपिअर खाते, फॉइल वर आलं की तीसवर येते. या हिशोबाने पाऊण तास मिळतो, पण ४२ व्होल्ट दिसले की आम्ही परत फिरतो. अगदी शेवटी व्होल्टेज भराभर घसरतं.

फॉइल वर येतं त्या क्षणी फळीचा खडखडाट एकदम थांबतो. कानात फक्त वारा आणि पायाखाली बारीक थरथर. मी लाटेवर दोर सोडला आणि हरमलच्या बाजूला तिरपा गेलो, इतका लांब की भावाला बोर्ड पोहत जाऊन आणावा लागला. दोर सोडल्यावर रिमोटचा ट्रिगर आपोआप शून्यावर यायलाच हवा. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खाऱ्या पाण्यातून जात नाही, हात पाण्याखाली गेला की तो तुटतो. तुटल्यावर मोटर थांबते की नाही हे जमिनीवर, पंखा काढून, वीस वेळा तपासा. अँटेना बोर्डाच्या वर ठेवा.

पाचव्या दिवशी पंख्यात जाळ्याची दोरी गुंडाळली. कमरेला छोटी सुरी होती म्हणून पाच मिनिटांत सुटलो. पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर त्या बाजूला फिरकूच नका, आणि पाण्यात बोया दिसला की लांबून वळा. त्या जाळ्यावर कुणाचं तरी घर चालतं. मोरजीला नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात, ती पट्टी आम्ही पूर्ण सोडली. जीवरक्षकांना आधी भेटून बोर्ड दाखवला, पोहणाऱ्यांपासून लांबची जागा त्यांनीच सांगितली. गोव्यात मोटर लावलेल्या जलयानांचं काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं बघतं. निघण्यापूर्वी तिथे विचारून घ्या, विशेषतः नदीत उतरणार असाल तर.

हेल्मेट आणि जाड जॅकेट सक्तीचं धरा, फॉइलच्या पंखाची कड चांगलीच कापते. चार्जिंग दिवसा, समोर बसून, पडवीतल्या चिऱ्याच्या फरशीवर. रोज विहिरीच्या पाण्याने सगळं धुतलं, तरी पाचव्या दिवशी ॲल्युमिनियमच्या खांबात बसवलेल्या स्टीलच्या स्क्रूंभोवती पांढरी पूड धरली होती. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. नायलॉनचे वॉशर आणि भरपूर ग्रीस लावा, आणि घरी पोहोचल्याच्या रात्रीच स्क्रू काढून ठेवा. आमचे दोन स्क्रू आठवडाभर तसेच राहिले, ते शेवटी ड्रिल मारून काढावे लागले.