२६ जुलैला भिजलेल्या मार्कशीट आणि माझं कॅनडा पीआर

ज्यांचं कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याचं, चाललंय आणि कॉलेजचे कागद हरवलेत किंवा अर्धवट आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी जवळजवळ दीड वर्ष फक्त ह्याच एका गोष्टीत अडकलो होतो.

२००५ मध्ये आम्ही कुर्ल्याला चाळीत तळमजल्यावर राहायचो. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत आलं, आणि माझ्या बी.कॉमच्या तिन्ही वर्षांच्या मार्कशीट कपाटाच्या खालच्या खणात होत्या, टीवायचा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा रिझल्ट तर नुकताच लागलेला. आईने नंतर एकेक सोडवून दोरीवर वाळत घातल्या पण शाई पसरलेली, नाव तेवढं वाचता यायचं. मग नोकरी लागली, तिथे कुणी मागितल्या नाहीत, विषय मागे पडला.

दहा वर्षांनी एक्स्प्रेस एंट्रीचं, म्हणजे गुणांवर पीआर देण्याच्या कॅनडाच्या पद्धतीचं, बघायला लागलो तेव्हा कळलं की नुसतं ग्रॅज्युएट आहे म्हणून चालत नाही, ईसीए लागतो, म्हणजे तुमची डिग्री कॅनडाच्या हिशोबाने काय भरते त्याचा रिपोर्ट, आणि त्यासाठी तेव्हा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा एकत्र उतारा, सीलबंद पाकिटात थेट युनिव्हर्सिटीकडून जावं लागायचं. तीन वर्षांच्या डिग्रीचे १२० गुण, बारावीचे फक्त ३०. वर इंग्रजी चांगलं असेल तर डिग्रीमुळे अजून २५ मिळतात. म्हणजे त्या भिजलेल्या कागदांवर ११५ गुण लटकलेले.

ट्रान्सक्रिप्टच्या अर्जाला सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्स मागितल्या, केटीची पण. मला एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, अकाउंट्सची केटी होती, म्हणजे तो विषय राहिला होता आणि पुन्हा दिला होता, म्हणजे त्या वर्षाच्या दोन मार्कशीट. एफवाय-एसवायच्या परीक्षा तेव्हा कॉलेज घ्यायचं, त्यामुळे डुप्लिकेट कॉलेजकडूनच, आणि तिथे पाच महिने एकच उत्तर, जुनं रजिस्टर सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या. मी हाफ डे टाकून जायचो आणि खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असायची. शेवटी एका क्लार्क काकांनी स्वतः माळ्यावर चढून धुळीतून ते रजिस्टर काढलं, त्यांना मी आजही विसरलेलो नाही.

मधल्या काळात एक एजंट भेटला. म्हणाला कशाला फिरताय, सेट बनवून देतो, पाकीट सीलसकट. खोटं नाही सांगत, मी इतका थकलो होतो की एक रात्र विचार केला. पण कृपा करून हे करू नका. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं अर्जच करता येत नाही, आणि पीआर मिळाल्यावर सापडलं तर पीआरही जाऊ शकतं, मग तिथे घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं असलं तरी.

डुप्लिकेटसाठी पोलिसांचा हरवल्याचा दाखला आणि ॲफिडेव्हिट लागलं. चौकीत हवालदारांनी विचारलं कधी हरवल्या, मी म्हटलं २६ जुलै. त्यांनी मान वर करून बघितलं, साल विचारलंच नाही, स्वतःच २००५ लिहिलं.

ट्रान्सक्रिप्ट तयार झालं त्या दिवशी मी युनिव्हर्सिटीच्या खिडकीपाशीच उभा होतो. बाईंनी पाकिटाचा फ्लॅप चिकटवला, जोडावर सही केली आणि शिक्का असा मारला की अर्धा फ्लॅपवर, अर्धा खाली. तिथे नक्की बघा, शिक्का जोडावरून गेला पाहिजे.

ईसीए फेब्रुवारी २०१७ मध्ये आला, पाच वर्षं चालतो. तेव्हा माझं वय ३२, लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे वयाचे ९४, डिग्रीचे १२०, आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेचे १२४, डिग्री आणि इंग्रजी मिळून २५, कॅनडाबाहेरच्या नोकरीच्या अनुभवाचे ५०. एकूण ४१३. ऑगस्टमध्ये ३३ लागलं असतं तर वयाचे ८८ झाले असते, म्हणून रोज कट-ऑफ, म्हणजे पीआरच्या अर्जाचं बोलावणं यायला लागणारे कमीत कमी गुण, बघायचो. ३१ मे २०१७ च्या ड्रॉचा, म्हणजे निवडीच्या फेरीचा, कट-ऑफ बरोबर ४१३ लागला. पहाटे बोलावण्याचा मेल बघितला आणि आईला उठवलं, तिला आधी कळेचना, मी म्हटलं त्या दोरीवर वाळवलेल्या मार्कशीटचं काम झालं, तर ती रडायलाच लागली.

आता डुप्लिकेटचा सेट प्लॅस्टिकच्या डब्यात वरच्या माळ्यावर आहे. खालच्या खणात आई आता कागद ठेवूच देत नाही.